शाब्दिक उदाहरण आलं की आधी क्ष कोण ते लिहा

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आठवी-नववीची पोरं नुसतं समीकरण दिलं की पटापट सोडवतात, पण तेच शाब्दिक उदाहरण म्हणून आलं की पहिला प्रश्न ठरलेला, सर बेरीज करायची की गुणाकार? हा प्रश्न आधी डोक्यातनं काढा. काय करायचं ते सुरुवातीला ठरवायचंच नसतंय, गणितात जे सांगितलंय ते फक्त चिन्हात उतरवायचं, बेरीज-गुणाकार मागनं आपोआप येतात.

एक उदाहरण घेऊ, रोजच्या बसचंच. खानापूरच्या बसमध्ये ५६ प्रवासी आहेत. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं (२०२३ पासून) बायकांना शून्य तिकीट. पुरुषांना फुल तिकीट ४० रुपये, लहान मुलग्यांना हाफ २० रुपये. बायका पुरुषांच्या दुप्पट आहेत आणि कंडक्टरकडं ८०० रुपये जमले, तर हाफ तिकिटं किती? (तिकिटाचे आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत.)

आता पेन उचलला की पहिली ओळ ही: समजा, पुरुषांची संख्या = क्ष. नुसतं "क्ष = पुरुष" लिहू नका, कारण पुरुषांची संख्या वेगळी आणि पुरुषांच्या तिकिटाचे पैसे वेगळे, अर्धी पोरं पुढं जाऊन ह्या दोघांची गल्लत करतात आणि मग समीकरणच चुकतं. अक्षर कुठलंही चालतंय, भास्कराचार्य तर १२ व्या शतकात न माहीत संख्येला यावत्तावत् म्हणायचे आणि दुसरी आली की काळक, तिसरी आली की नीलक असं रंगांचं नाव द्यायचे. अक्षराला नाही, त्याच्यापुढं लिहिलेल्या वाक्याला महत्त्व आहे.

मग बाकी सगळे क्षच्या भाषेत लिहायचे. बायका २क्ष. उरलेले मुलगे ५६ − ३क्ष. बघा, बायकांचे पैसे शून्य म्हणून त्यांना सोडून दिलं तर डोकी मोजताना घोळ होतो, पैशात त्या नाहीत पण सीटवर आहेत.

आता समीकरण कुठनं आणायचं? एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितलेली शोधा. इथं ती म्हणजे जमलेले पैसे, एकीकडं आपण तिकिटांवरनं काढलेले आणि दुसरीकडं गणितात दिलेले ८००.

४०क्ष + २०(५६ − ३क्ष) = ८००
४०क्ष + ११२० − ६०क्ष = ८००
११२० − २०क्ष = ८००
२०क्ष = ३२०
क्ष = १६

कंस सोडवताना २० नं आतल्या दोन्ही पदांना गुणायचं, चुका लई करून इथंच होतात.

आणि १६ आलं म्हणून उत्तर १६ लिहून मोकळं होऊ नका! विचारलंय हाफ तिकिटं किती, म्हणजे ५६ − ४८ = ८. पुरुष १६, बायका ३२, मुलगे ८, बेरीज ५६. पैसे ६४० + १६० = ८००. ताळा असाच घ्यायचा, मूळ वाक्यांवरनं, आपण मांडलेल्या समीकरणावरनं नाही, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तरी त्याचं उत्तर त्यात बरोबर बसतंच की.

वयाच्या गणितात एकच लक्षात ठेवा, वर्षं सगळ्यांची वाढतात. आई मुलीच्या तिप्पट वयाची, १२ वर्षांनी दुप्पट होईल. समजा, मुलीचं आजचं वय = क्ष, तर ३क्ष + १२ = २(क्ष + १२). मुलगी १२, आई ३६. कंसातला तो १२ विसरला की ३क्ष + १२ = २क्ष होतं आणि मुलीचं वय उणे १२ येतं, तसं आलं की मांडणी परत तपासा.

"क्षपेक्षा ५ नं कमी" म्हणजे क्ष − ५, ५ − क्ष नाही. "निम्म्यापेक्षा ३ नं जास्त" म्हणजे आधी निम्मं, मग ३ मिळवायचे. एसएसएलसीला (दहावीच्या बोर्डाला) 'समजा', समीकरण, उत्तर ह्या ओळी वेगवेगळ्या दिसू देत, तोंडी करून नुसतं उत्तर लिहिलं तर स्टेपचे मार्क कशाला द्यायचे?

आता हे स्वतः करा. एका शेतकऱ्यानं ३० क्विंटल रताळी विकली, काही १८०० रुपये क्विंटलनं आणि उरलेली १५०० नं, एकूण ४८००० मिळाले. जादा दराची रताळी क्ष क्विंटल धरली तर उरलेली ३० − क्ष. उत्तर १० आणि २० क्विंटल यायला पाहिजे.