बैल कागदावर चालवायचा तर

मागच्या तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी भाचा लाकडी बैल ओढत घरी आला अन् म्हणे, मामा, याचे पाय काऊन नाही हलत, हा चाकावरच चालते. मी म्हटलं थांब, आपण पाय हलणारा काढू. ते काम दिवाळीपर्यंत पुरलं, आणि आता गावातली अजून दोन पोरं विचारून राहिली की हातानं ॲनिमेशन शिकायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी स्वतः शहरात एका क्लासला पैसे भरले होते, त्या वर्षीच्या कापसाचे. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवलं, कुठलं बटण दाबलं की काय होते हेच सहा महिने चाललं, वजन म्हणजे काय ते कोणी बोललंच नाही. कोर्स संपला तरी माझा माणूस चालायचा तो हवेत तरंगल्यासारखा. का तरंगतो ते घरी येऊन कागदावर काढायला लागलो तेव्हा कळलं. म्हणून माझं मत पक्कं आहे, पहिले तीन-चार महिने फक्त कागद, सॉफ्टवेअर नंतर.

सामान फार नाही. 75 जीएसएमची ए-फोर रीम घ्या, 500 पानं येतात, झेरॉक्सवाल्याकडून मधातून कापून घ्या म्हणजे 1000 झाली. दोन भोकांचा साधा फाईल पंच लागतो, त्याच्या भोकांमधलं अंतर 80 मिलिमीटर असते, तेवढ्याच अंतरावर एका पट्टीत दोन लाकडी खुंट्या सुताराकडून बसवून घ्या, भोकात घट्ट जातील अशा. याला पेग बार म्हणतात. प्रत्येक कागद त्याच खुंट्यांवर बसला पाहिजे, नाहीतर चित्र कितीही चांगलं असो, चालवल्यावर थरथरते. जुने लोक आधी कोपऱ्यात फुल्या मारून कागद जुळवत, खुंट्यांची पद्धत राऊल बारे या माणसाच्या नावावर जमा आहे, शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि अजूनही तीच चालते. पट्टी कागदाच्या खालच्या बाजूला ठेवा, मग वरची पानं बोटात धरून फडफडवता येतात.

लाईटबॉक्स, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसावं म्हणून खालून उजेड देणारी पेटी, विकत घेऊ नका. जुन्या खिडकीची काच, खाली दोन्हीकडे चार-चार विटा, काचेखाली बटर पेपर चिकटवा आणि त्याखाली एलईडी बल्ब. आमच्याकडे रात्री लाईन कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी चार्जिंगचा बल्ब लावला, लाईन गेली तरी दोन-तीन तास निघतात. साधा पिवळा बल्ब मात्र नको, काच तापते अन् कागदाच्या कडा वळतात. पेन्सिल म्हणाल तर मास्तरांकडे असायची ती एका टोकाला लाल एका टोकाला निळी, तीच बेस्ट. निळ्यानं कच्चं काढायचं, लालनं चूक दाखवायची, शेवटी काळ्या पेन्सिलीनं एकच स्वच्छ रेघ.

आता हिशोब, कारण हे काम अर्धं चित्राचं आणि अर्धं मोजणीचं आहे. सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी 24 स्थिर चित्रं. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवलं तर सेकंदाला 12 चित्रं लागतात, बहुतेक काम असंच होते, फारच वेगाची हालचाल असली तर 24 काढतात. कुठलं चित्र किती फ्रेम थांबणार ते एका वहीत ओळीनं लिहायचं, प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, दर 24 ओळींनंतर जाड रेघ. स्टुडिओत याला एक्सपोजर शीट म्हणतात, मी सोसायटीच्या हिशोबाच्या वहीत करतो.

बैलाआधी चेंडू करा, यात शॉर्टकट नाही. रबरी चेंडू वरून पडतो, वर असताना चित्रं जवळजवळ, खाली येताना लांब लांब, जमिनीला टेकला की चपटा. चपटा झाला की रुंदही व्हायला पाहिजे, नाहीतर त्याचा माल कुठे गेला? मग तोच कागद घेऊन संत्रं पाडा. संत्रं उडत नाही, एकदा थोडं उचलतं अन् गडगडत जातं. गोल दोन्ही सारखेच, पण नुसत्या अंतरावरून बघणाऱ्याला कळते की हा चेंडू अन् हे संत्रं. ज्याला हे जमलं त्याला वजन कळलं.

मग बैल. आम्ही शेजारच्या काकांच्या बंडीचा बैल बाजूनं फोनवर शूट केला, फोन जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून. फोन साधारण 30 फ्रेमनं शूट करतो. एक मागचा खूर जमिनीला टेकला तिथून तोच खूर पुन्हा टेकेपर्यंत मोजलं तर 40 फ्रेम आल्या, 24 च्या हिशोबानं 32, दोन-दोन फ्रेमला एक म्हणजे 16 चित्रं. आणि पायांचा क्रम मला इतकी वर्षं बैल पाहूनही माहीत नव्हता! डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. भाच्यानं घोड्यासारखं चारही पाय हवेत काढले होते, म्हटलं बाबू हा शंकरपटाच्या शर्यतीतला नाही, हा बंडीला जुंपलेला चालला.

तर 1 नंबरच्या चित्रात डावा मागचा खूर टेकतो, 5 मध्ये डावा पुढचा, 9 मध्ये उजवा मागचा, 13 मध्ये उजवा पुढचा. ही चार मुख्य चित्रं आधी, यांना इंग्रजीत ‘की’ (key) म्हणतात. मग 1 आणि 5 च्या मधलं 3, ते ब्रेकडाउन, आणि उरलेली इनबिटविन. मधलं चित्र अगदी मधात काढू नका. खूर उचलताना तो सरळ रेषेत जात नाही, वर कमानीत जातो आणि खाली उतरताना हळू होतो.

सगळ्यात जास्त कागद इथं वाया गेले. बैल एकाच जागी चालताना दाखवायचा असला, म्हणजे मागचं दृश्य सरकणार, तर जमिनीवरचा प्रत्येक खूर दर चित्राला सारख्या अंतरानं मागे सरकला पाहिजे. आमच्या व्हिडिओत एक खूर 16 पैकी जवळपास 10 चित्रं जमिनीवर होता अन् 6 हवेत. म्हणून कागदाखाली एका पट्टीवर सेंटीमीटरच्या खुणा करा आणि खूर खुणेवरच ठेवा. आम्ही अंदाजानं काढलं आणि बैल चिखलात घसरल्यासारखा दिसला. दुसरी चूक, मी 17 वं चित्र 1 सारखंच काढून जोडलं, झालं काय की दर फेरीला बैल एक क्षण थबकायचा, आम्ही दोन दिवस पाय तपासत बसलो. 16 नंतर सरळ 1 लावायचं, 17 वं नसतेच.

पाय जमले की डोकं, प्रत्येक पावलाला थोडं खाली-वर. वशिंड शरीरापेक्षा एक चित्र उशिरा हलते, गळ्याखालची कातडी दोन चित्रं उशिरा, शेपटीचा गोंडा सगळ्यात शेवटी. हे उशिराचं काम केलं की पाहणारा म्हणते, अरे हा तर आपला बैल.

शूटिंगला, म्हणजे एकेका चित्राचा फोटो काढायला, फोन वरून उलटा टांगा, आम्ही स्टुलाला भोक पाडलं. एक्सपोजर, म्हणजे फोनचं उजेडाचं सेटिंग, लॉक करा, नाहीतर ढग आला की चित्र कधी काळपट कधी पांढरट होते, आणि फोन फ्लाइट मोडवर टाका.

मागचं दृश्य दर कागदावर पुन्हा काढायची गरज नाही, पण एकेकाळी काढत. विन्सर मॅके यांच्या 1914 च्या डायनासोरच्या चित्रपटात प्रत्येक पानावर डोंगर पुन्हा गिरवले आहेत, मदतनीस पोरगा तेच करायचा. त्याच साली अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेलच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या शीटच्या, पेटंटसाठी अर्ज केला, पात्र सेलवर अन् मागचं चित्र एकदाच, आणि हा धंदा परवडायला लागला. घरी करून पाहायचं तर झेरॉक्सच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिक शीट घ्या, पुढून मार्करनं रेघ, मागून ॲक्रिलिक रंग. पोस्टर कलर नको, वाळला की पोपडे निघतात.

इतिहास वाचत बसण्यापेक्षा एकेक फ्रेम पहा. फ्रान्सच्या एमिल कोल यांची 1908 ची फँटास्मागोरी ही फिल्म साधारण 700 चित्रांची आहे, रेषा सतत दुसऱ्याच कशात बदलत राहते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी रोपाची वाढ थोडी थोडी टिपली होती, आणि 1915 मध्ये आगकाड्या हलवून चित्रपट केला. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 ला डिस्नेतले क्लेअर वीक्स शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. आणि पाखरं जाळ्यासकट उडतात ती ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म, 1974 ची, विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसेन यांचं. ती बघताना कॉम्प्युटरवर यूट्यूब पॉज करून स्वल्पविराम अन् पूर्णविरामाची बटणं दाबा, एकेक फ्रेम मागे-पुढे जाते. कुठलं चित्र किती फ्रेम थांबलं ते मोजा, वहीत लिहा. किती कमी चित्रांत किती काम काढलं ते पाहून माझा तर अर्धा दिवस गेला.

आमचा बैल आता चालतो. भाच्याला आता त्याला बंडी जुंपायची आहे, मी म्हटलं चाकाला आरे किती ते आधी मोजून ये, तर तो काकांच्या खळ्यात गेला तो अजून आला नाही.