गावात राहून मॅरेथॉनची तयारी, जोडीदारासोबत (आमचा अनुभव)

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावात राहून फुल मॅरेथॉनची, म्हणजे 42.195 किमीची तयारी होते का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. मी अन माझा चुलतभाऊ 2020 च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळालो. तो भरतीवाला पोट्टा, 1600 मीटर मारून मारून पाय तयार झालेले, अन मी 35 चा, शाळेवर जाणारा, त्याआधी कधी 10 किमीच्या वर गेलो नव्हतो.

जोडीदार पाहिजेच. पहाटे साडेचारला पांदणीनं एकटं निघालं तर कुत्रे अन रानडुकरं दोन्ही भेटतात, अन कोणी दारात येऊन "दादा, उठला काय?" करून ओरडलं की पांघरूण सोडावंच लागते. पण मी त्याच्या वेगानं पळायला गेलो अन तिथंच फसलो. दम पुरत होता म्हणून वाटलं जमते आपल्याला, पण दम लवकर वाढतो अन हाडं मागून तयार होतात, तिसऱ्याच आठवड्यात नडगी अशी ठणकायला लागली की वर्गात उभं राहवेना. दोन आठवडे बंद. मग ठरवलं, रविवारचा लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) माझ्या वेगानं, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतका हळू. पोट्टा चिडला, "याच्याहून जोरात तं आजी चालते". त्याला जोरात पळायचं ते बुधवारी एकट्यानं.

आम्ही 18 आठवडे धरले होते. लाँग रन 12 किमीपासून हळूहळू 32 पर्यंत, दर चौथ्या आठवड्यात कमी, अन शेवटचे तीन आठवडे उतरवत आणले. काळ्या मातीत पावसात पळू नका, एकेका बुटाला किलोभर चिखल लागतो, आम्ही डांबरी रस्ता धरायचो अन किलोमीटरचे दगड मोजायचो.

कोणत्याच टाइमटेबलात नसलेली गोष्ट म्हणजे ओलित. नोव्हेंबर-डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं अन मोटारीची लाइन (वीज) आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री, त्यामुळं रात्रीच्या आठवड्यात तो बिना झोपेचा यायचा. एकदा तसाच 24 किमीला नेला, 15 व्या किमीला रस्त्याच्या कडेला बसला तो उठेचना, शेवटी दुधाच्या गाडीत टाकून आणला. त्यानंतर लाइनचं वेळापत्रक पाहूनच लाँग रन ठरवायचो, अन तुमचा जोडीदार शेतकरी असेल तर कापूस वेचणीचंही आधीच विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर शरीरात साठवलेली साखर साधारण 30 किमीच्या आसपास संपत येते, पाय एकदम लाकडासारखे होतात, म्हणून पळतानाच दर पाऊण तासाला गुळाचा खडा नाहीतर अर्धं केळ खायची सवय लाँग रनमध्येच करा, रेसच्या दिवशी पोटावर नवीन प्रयोग नको. नुसतं पाणी ढोसणंही वाईट, रक्तातलं मीठ पातळ होते. मेडिकलमधली ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. अन घासून सोलू नये म्हणून मांड्यांना, काखेत व्हॅसलीन. हे कोणी सांगितलं नव्हतं, आंघोळीच्या वेळी समजलं.

मुंबईत हवा दमट, घाम वाळतच नाही. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे थंडीत पळालेलं शरीर तिथं लवकर तापते, सुरुवात ठरवल्याहून हळूच करा. पेडर रोडचा चढ मी सरळ चालत काढला, लाज वाटली नाही.

25 किमीपर्यंत सोबत अन पुढं ज्याचं त्यानं, हे आधीच ठरलं होतं म्हणून भांडण झालं नाही. तो 4 तास 20 मिनिटांत, मी 5 तास 10 मिनिटांत. फक्त संपल्यावर भेटायचं कुठं हे ठरवायचं राहिलं अन दोघांचेही मोबाइल बॅगेत, बॅग त्याच्याजवळ. दीड तास शोधला त्याला, तं हा सीएसएमटीवर विदर्भ एक्सप्रेसची वाट पाहत झोपलेला, अन माझ्या वाटणीच्या दशम्याही खाऊन बसलेला.