सांदण दरीत कोणाबरोबर उतरावे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी साम्रद हे गाव आहे. गावापासून थोड्याच अंतरावर जमीन दुभंगल्यासारखी होते आणि सांदण दरी सुरू होते. दोन्ही बाजूंना बेसॉल्टच्या उभ्या भिंती, तळाशी प्रचंड धोंडे आणि भर दुपारीही ऊन न पोचणारे थंडगार पाण्याचे दोन डोह, असे या घळीचे रूप असल्याने सुट्टीच्या दिवशी येथे गर्दी होते. दरीत नेणारे आयोजकही आता बरेच झाले आहेत. त्यांतून निवड करताना बहुतेक जण शुल्क आणि छायाचित्रे पाहतात. माझ्या मते या दोन्ही गोष्टी सर्वांत शेवटी पाहाव्यात.

आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे आधी ठरवावे. डोह ओलांडून थोडे पुढे जायचे आणि आल्या वाटेने साम्रदला परतायचे, ही एक सहल झाली. धडधाकट माणसाला ती झेपते. दोराने कडे उतरत कोकणात डेहणे या गावाच्या बाजूला जायचे, हे मात्र पूर्ण दिवसाचे आणि वेगळ्याच तयारीचे काम आहे. पहिला कडा उतरल्यानंतर दोर काढून घेतला की त्या वाटेने मागे फिरता येत नाही. खाली पोचल्यावर करोली घाट चढून पुन्हा साम्रद गाठायचे की डेहण्याहून वाहनाने आसनगाव रेल्वे स्थानकावर जायचे, हे आयोजकाने नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे, कारण दिवसभराच्या श्रमानंतर तो घाट चढणे अनेकांना जड जाते.

विचारायचा पहिला प्रश्न माणसांच्या आणि दोरांच्या संख्येचा. एका माणसाला कडा उतरायला सहा मिनिटे लागतात असे धरले, तरी एकाच दोरावर चाळीस जणांना चार तास लागतात. मी स्वतः एकदा अशा रांगेत अडकलो होतो. गटात साठ माणसे होती, दोर एकच लावला होता, आणि शेवटचे वीस जण विजेरीच्या उजेडात उतरले. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, पण थकलेल्या माणसाला अंधारात कड्यावरून खाली सोडणे मला आजही अक्षम्य वाटते. पंधरा ते वीस जणांचा गट, दोन स्वतंत्र दोर, आणि पुढे, मागे व प्रत्येक कड्याच्या माथ्यावर जाणता माणूस, एवढे नसेल तर दुसरा आयोजक शोधावा.

दुसरा प्रश्न साधनांचा. ज्या दोरावर आपण उतरतो त्याखेरीज बिलेचा, म्हणजे हात सुटल्यास आपल्याला पडू न देणारा, वेगळा दोर असतो का, आणि तो कोण धरतो, हे विचारावे. अँकर, म्हणजे दोर जेथे बांधतात तो आधार, खडकात ठोकलेल्या एकाच बोल्टवर नसावा. एक निसटला तर दुसऱ्याने भार पेलला पाहिजे. हार्नेसचा, म्हणजे दोराला जोडण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधायच्या साजाचा, पट्टा काही प्रकारच्या बकलांमधून परत उलटा ओवून घ्यावा लागतो, आणि चांगला लीडर प्रत्येकाच्या कमरेचा तो पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहतो, कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, लॉक फिरवून बघतो आणि मगच कड्याच्या टोकाशी येऊ देतो. हे तो शेवटच्या माणसापर्यंत न चुकता करतो का, याकडे लक्ष ठेवावे. हेल्मेट केवळ उतरताना नव्हे, तर सबंध दरीत डोक्यावर हवे. वर माकडे किंवा गुरे फिरली तरी दगड सुटतात, आणि घळीत बाजूला व्हायला जागा नसते.

लीडरने गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोठे घेतले, हे विचारण्यात संकोच करू नये. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा नोंदणीपत्र मागावे. दरीत मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरता येत नाही. म्हणून कोणी जायबंदी झाल्यास निरोप कोण नेणार आणि गावातून कोण मदतीला येणार, याचे उत्तर आयोजकाकडे तयार असावे. साम्रदचा वाटाड्या सोबत घेणारा आयोजक मला नेहमीच अधिक विश्वासाचा वाटतो, कारण पाण्याचा आणि धोंड्यांचा अंदाज त्या गावकऱ्यांइतका कोणालाच नसतो.

पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची वाट असते, त्यामुळे त्या काळात आत उतरण्याचा विचारही करू नये. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. एप्रिल-मे महिन्यांत कोकणाकडील उतार फार तापतो. अवकाळी पावसाची शक्यता मात्र कोरड्या दिवसांतही असते, आणि वरच्या पठारावर पडलेले पाणी काही वेळातच घळीत गोळा होते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट विचारावी: पहाटे आभाळ भरून आले तर आपण काय करता? "थोडा वेळ थांबून बघू" हे उत्तर पुरेसे नाही. "उतरणे रद्द करतो आणि पैसे परत देतो", असे जो लेखी कळवील, त्याच्याकडेच नाव नोंदवावे.