इंग्लंडात नवीन आलेल्यांनो, डिप्रेशन वाढतंय हे वेळेत ओळखा

घर मिळालं की त्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, तब्येत ठणठणीत असली तरी. व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज भरलेला असतो, मोठ्या माणसाला वर्षाला हजार पौंडांच्या वर. तरी आपली मंडळी महिनोन्‌महिने नोंदणी करत नाहीत. मग मन बिघडतं तेव्हा फॉर्म भरायचंही त्राण उरत नाही.

घरची आठवण सगळ्यांनाच येते. आईचा फोन ठेवल्यावर रडू येतं, पण थोड्या वेळानं उठून पोहे केले जातात, रविवारी कुणी बोलावलं तर जावंसं वाटतं. ते डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे उलटले तरी कशातच जीव रमत नसेल, तर मात्र विचार करा. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. फसगत होते ती पुढे. आधीच खचलेलं मन आणखी खचत चाललंय हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण रोजचा फरक जेमतेम असतो.

मी इथल्या आपल्या घरांत जे पाहिलं, त्यातल्या खुणा अगदी साध्या होत्या. घरच्यांच्या व्हिडिओ कॉलवर आधी कॅमेरा बंद, मग ‘मीटिंग आहे, नंतर बोलते’, मग फोन उचलणंच बंद. ऑफिसला नेलेला डबा तसाच परत. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. डिसेंबरात तर आठपर्यंत उजाडत नाही आणि चारच्या सुमारास अंधार, म्हणजे ती रात्र संपता संपत नाही. आंघोळ एक दिवसाआड, मग तीही नको. दारात पडलेली पत्रं न फोडता साचत जातात, कौन्सिल टॅक्सची म्हणजे घरपट्टीचीसुद्धा. बोलण्यात ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसले तर सुटतील’ असं येऊ लागलं, तर ती चिडचिड समजून सोडून देऊ नका. आणि फार दिवस खचलेलं माणूस एकाएकी शांत झालं, स्वतःच्या वस्तू देऊन टाकू लागलं, तर ‘चला, सुधारलं’ म्हणून गाफील राहू नका.

तुमचं बाळंतपण करायला भारतातून आलेली आई व्हिसाचे सहा महिने संपून परत जाते, त्यानंतरचे आठवडे विशेष सांभाळा. हेल्थ व्हिजिटरला (बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सला) बाळाच्या वजनाबरोबर स्वतःचंही सांगा. ‘असं सांगितलं की मूल काढून नेतात’ हे हळदीकुंकवात ऐकलेलं ज्ञान तिथेच सोडून या. डिप्रेशनवर उपचार घेतेय एवढ्यावरून कुणी मूल नेत नाही. गोळ्या घेतल्या म्हणून व्हिसाही जात नाही.

अंदाजावर विसंबू नका, मोजा. जीपी वापरतात ती पीएचक्यू-९ प्रश्नावली ऑनलाइन मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० पासून मध्यम, २० पासून तीव्र. दर पंधरा दिवसांनी भरा आणि तारीख घालून ठेवा. बेरीज चढत असेल तर ते कागद घेऊन जीपीकडे जा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी जीपीला फोन करा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आपला माणूस जीपीसमोर बसतो आणि सांगतो काय, तर डोकं दुखतं, थकवा येतो, ॲसिडिटी होते. भेट साधारण दहा मिनिटांची. शरीराच्या तक्रारींतच ती संपते आणि आपण पॅरासिटॅमॉलचा सल्ला घेऊन घरी. म्हणून पहिलंच वाक्य हे म्हणा: माझं मन दोन महिन्यांपासून खचलंय आणि आता आणखी खचत चाललंय. झोप, जेवण, मरणाचे विचार, सगळं लगेच त्यामागोमाग. अपॉइंटमेंट घेतानाही रिसेप्शनला हेच सांगा. इंग्रजीत जमत नसेल तर मराठी दुभाष्या आधी मागून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्याला दुभाष्या करू नका, निम्मं तो गाळतो. पुन्हा सांगते, पहिलंच वाक्य.

समुपदेशनासारख्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचारासाठी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजकडे स्वतःही अर्ज करता येतो, पण थांबावं लागतं. तेवढ्या काळात तब्येत ढासळली तर ‘नंबर लागलाय ना’ म्हणून बसू नका, जीपीला पुन्हा कळवा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, पंचविशीच्या आतल्यांच्या बाबतीत जास्त लक्ष ठेवा. मनानं गोळ्या बंद करू नका. भारतातून कुरिअरनं मागवूही नका.

‘डिसेंबरात घरी जाऊन आलं की बरं वाटेल’ या भरवशावर ऑक्टोबर-नोव्हेंबर रेटणारे दरवर्षी भेटतात. जा जरूर, पण आधी जीपीला भेटून जा. योगा करा, गीता वाचा म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ते पहाटे तीनला फोन उचलत नाहीत. खचलेल्यांचं ऐकून घेणारी समॅरिटन्स ही संस्था उचलते, ११६ १२३, चोवीस तास, फुकट. जिवाची भीती वाटू लागली तर एनएचएसचा १११ लावून २ दाबा. धोका आत्ता समोर असेल तर ९९९ ला (ॲम्ब्युलन्स, पोलीस) फोन, किंवा सरळ हॉस्पिटलच्या ए अँड ई या तातडीच्या विभागात, आणि माणसाला एकटं सोडू नका.