एक्सेलमध्ये कोरे, रेषा आखलेले तक्ते कसे छापावेत

हजेरीपत्रक, बचत गटाच्या मासिक वर्गणीची नोंद किंवा सोसायटीतील पाण्याच्या टँकरची वही यांसारखे तक्ते आजही अनेक ठिकाणी हातानेच भरले जातात, आणि त्यांसाठी रेषा आखलेले कोरे कागद लागतात. एक्सेलची नवी शीट उघडली की पडद्यावर सगळीकडे चौकटी दिसतात, त्यामुळे थेट छापण्याची आज्ञा देण्याचा मोह होतो. परंतु छापण्यासारखे काहीच सापडले नाही, असे सांगून एक्सेल ती आज्ञा फेटाळते. शीटमध्ये एखादे शीर्षक लिहिलेले असेल तर तेवढा मजकूर कागदावर उतरतो, पण रेषा उतरत नाहीत.

या वागण्यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले असे की पडद्यावरच्या फिकट रेषा, म्हणजे ग्रिडलाइन्स, केवळ पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतात आणि त्या छापायच्या की नाहीत याची निवड वेगळी करावी लागते. दुसरे असे की मजकूर जिथे संपतो तिथेच छपाईही संपते, असे एक्सेल गृहीत धरते. म्हणून रेषा छापण्याचा पर्याय निवडूनही खालचा रिकामा भाग कोराच राहतो. बहुतेकांची अडचण या दुसऱ्या कारणाशी येते आणि ते मात्र पहिल्याच पर्यायाची खूण पुन्हा पुन्हा तपासत बसतात.

उपाय असा. पेज लेआउट या टॅबमध्ये शीट ऑप्शन्स नावाचा गट आहे. त्यातील ग्रिडलाइन्सच्या खाली व्ह्यू आणि प्रिंट अशा दोन चौकोनांपैकी प्रिंटवर खूण करावी. त्यानंतर जेवढा भाग छापायचा आहे तेवढे सेल माउसने निवडून त्याच टॅबमधील प्रिंट एरिया या बटणाखालचा सेट प्रिंट एरिया हा पर्याय द्यावा. आता त्या भागात एकही अक्षर नसले तरी रेषांसह पान छापले जाते. ही खूण त्या एका शीटपुरतीच लागू असते. एकाच फाइलमधील अनेक शीट छापायच्या असतील तर कंट्रोल कळ दाबून खालचे त्यांचे टॅब एकत्र निवडावेत, मग खूण करावी, आणि काम झाल्यावर ती एकत्र निवड आठवणीने सोडवावी. अन्यथा एका शीटमध्ये लिहिलेला मजकूर सगळ्याच शीटमध्ये जाऊन बसतो.

खरे कौशल्य मापात आहे. पडद्यासाठी ठरवलेली ओळीची मूळ उंची सहसा 15 पॉइंट, म्हणजे सुमारे 5.3 मिलिमीटर असते आणि तेवढ्या जागेत बॉलपेनने देवनागरी लिहिणे, वेलांट्या आणि उकारांमुळे, फार दाटीचे होते. हाताने भरायच्या तक्त्याला 8 मिलिमीटरच्या आसपासची उंची सोयीची ठरते. एक इंच म्हणजे 72 पॉइंट, या हिशेबाने ओळीची उंची 22.5 पॉइंट द्यावी. स्तंभांची रुंदी मात्र एक्सेल अक्षरांच्या संख्येत मोजते, जी कागदासाठी निरुपयोगी आहे. म्हणून व्ह्यू टॅबमधील पेज लेआउट हे दृश्य निवडावे, कारण त्यात रुंदी सेंटिमीटरमध्ये किंवा इंचात लिहिता येते. तिथे इंच दिसत असतील तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड या वाटेने जाऊन रूलर युनिट्स सेंटिमीटर करावेत.

महिन्याच्या हजेरीपत्रकाचे उदाहरण घेऊ. पानाचा आकार लेटर नसून ए4 असल्याची खात्री करून ते आडवे ठेवावे. आडव्या ए4 ची रुंदी 297 आणि उंची 210 मिलिमीटर असते. डावीकडे, उजवीकडे आणि वर 1 सेंटिमीटर, तर खाली पान क्रमांकासाठी दीड सेंटिमीटर समास सोडला की 277 बाय 185 मिलिमीटर जागा उरते. अनुक्रमांकाला 10, नावाला 45 आणि 31 दिवसांना प्रत्येकी 7 मिलिमीटर दिल्यास एकूण रुंदी 272 होते. उरलेले 5 मिलिमीटर वाया गेले असे समजू नये. एक्सेल प्रत्येक रुंदी पडद्याच्या ठिपक्यांशी जुळवून किंचित बदलते, हा किंचित फरक 31 वेळा साचतो आणि मोकळी जागा ठेवली नाही तर एकतीस तारखेचा स्तंभ एकटाच दुसऱ्या पानावर जाऊन पडतो. उंचीत 23 ओळी बसतात. त्यांपैकी दोन शीर्षकाच्या धरल्या तर नावांसाठी 21 उरतात.

सलग क्रमांकांची पाच पाने हवी असतील तर एकाच पानाच्या पाच प्रती काढून भागत नाही, कारण प्रत्येक प्रतीवर क्रमांक एकच येतो. त्याऐवजी प्रिंट एरिया ए1 या सेलपासून एजी107 या सेलपर्यंत, म्हणजे 33 स्तंभ आणि 107 ओळी (शीर्षकाच्या 2 आणि पाच पानांवर प्रत्येकी 21 नावांच्या), असा ठेवावा, प्रिंट टायटल्समध्ये पहिल्या दोन ओळी प्रत्येक पानावर पुन्हा याव्यात असे सांगावे आणि फूटरमध्ये पान क्रमांक घालावा. ओळी पानापानांवर नेमक्या कुठे तुटतात, हे छापण्यापूर्वी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये पाहून घ्यावे.

एवढे करूनही रेषा उमटल्या नाहीत तर पेज सेटअपच्या शीट या भागात ड्राफ्ट क्वालिटीवर खूण आहे का ते पाहावे, कारण ती असेल तर ग्रिडलाइन्स छापल्या जात नाहीत. सेलला पार्श्वरंग दिला असेल, अगदी पांढरा असला तरी, तो रेषा झाकतो. तिथे नो फिल निवडावे.

तरीही ज्या तक्त्याच्या पुढे झेरॉक्स काढायच्या आहेत, त्यासाठी ग्रिडलाइन्सवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रेषा बारीक असतात, त्यांची जाडी वाढवता येत नाही आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये त्या जागोजागी तुटतात. अशा वेळी छापायचा भाग निवडून होम टॅबमधून ऑल बॉर्डर्स द्याव्यात. बॉर्डर असलेला रिकामा सेल एक्सेल आपणहून छापते, शिवाय शीर्षकाखालची रेषा जाड आणि आतल्या रेषा करड्या ठेवण्याची मुभाही मिळते. गुगल शीट्स वापरणाऱ्यांनाही मी बॉर्डर्सचाच मार्ग सुचवेन.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये रेषांचा पर्याय फॉरमॅट मेनूतील पेज स्टाइलच्या शीट या भागात ग्रिड नावाने असतो आणि छापायचा भाग प्रिंट रेंजेसमधील डिफाइनने ठरवता येतो. मात्र रिकामी पाने वगळण्याची खूण छपाईच्या पर्यायांमध्ये असते, ती काढून टाकावी लागते.

छपाई बाहेरच्या दुकानातून करून घ्यायची असेल तर एक्सेलची फाइल न देता पीडीएफ करून द्यावी आणि छापताना फिट न निवडता अ‍ॅक्च्युअल साइझ निवडायला सांगावे. फिटमुळे सगळे पान थोडे आक्रसू शकते आणि 7 मिलिमीटरचा दिवसाचा रकाना आणखी अरुंद होतो.