एलएफएसला पॅकेज मॅनेजर कुठला टाकावा?

सुट्टीत नांदेडला गेलो की कॉलेजची पोरं हमखास विचारतात, "दादा, लिनक्स फ्रॉम स्क्रॅच बांधायला घेतलंय, पॅकेज मॅनेजर कुठला टाकू?" लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एलएफएस, हे पुस्तक बघून सोर्स कोडपासून अख्खी लिनक्स सिस्टिम स्वतः बांधायची. पॅकेज म्हणजे त्यातला एकेक प्रोग्रॅम किंवा लायब्ररी, आणि पॅकेज मॅनेजर म्हणजे ती बसवणारं, काढणारं आणि त्यांच्या फाइलींची नोंद ठेवणारं साधन. मी आधी विचारतो, सीएचरूटच्या (बांधत असलेल्या नव्या सिस्टिमच्या आतून काम करायची सोय) आत शिरलात का? नसाल तर ठरवायची वेळ हीच. एकदा सगळं यूएसआर या मुख्य फोल्डरमध्ये सांडलं की कुठली फाइल कोणाची, ते हुडकत बसावं लागतं.

एलएफएसच्या पुस्तकात पॅकेज मॅनेजर बसवत नाहीत, नुसते पर्याय सांगतात. त्यातला 'सगळं डोक्यात ठेवा' हा पर्याय शिकण्यापुरता ठीक. जीएनयू स्टो हा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेज वेगळ्या फोल्डरात ठेवून सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) जोडतो. यूएसआर-लोकलसाठी, म्हणजे आपण वरून टाकलेल्या प्रोग्रॅमसाठी, छान, पण मूळ सिस्टिमसाठी मला ते लचांड वाटतं. पॅकेजगणिक वेगळा युजर करायची पद्धतही आहे. फाइलचा मालक बघितला की पॅकेज कळतं, पण परवानग्या सांभाळता सांभाळता नवखा माणूस वैतागतो.

आरपीएम किंवा पॅकमनसारखा तयार पॅकेज मॅनेजर बसवायचा तर आधी त्यांनाच लागणाऱ्या लायब्रऱ्या बांधा, वर प्रत्येक पॅकेजची रेसिपी, म्हणजे ते कसं बांधायचं त्याची फाइल, लिहा. नोकरीच्या दृष्टीने मात्र ही मेहनत वाया जात नाही. स्पेक फाइल, म्हणजे आरपीएमची रेसिपी, स्वतः लिहिलेला पोरगा मुलाखतीत वेगळा कळतो.

पहिल्या बांधणीला मी डेस्टडिर सुचवतो. मेक इन्स्टॉल या फाइली बसवणाऱ्या कमांडला डेस्टडिर म्हणून टेम्पमधलं रिकामं फोल्डर द्यायचं. सगळ्या फाइली आधी तिथे उतरतात. त्यांची यादी काढा, टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) बांधा, मगच रूटवर, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर, उलगडा. काढायचं झालं तर यादी आहेच. स्लॅकवेअर आणि क्रक्स या लिनक्सची पॅकेजं मुळात याच धर्तीची. डिपेंडन्सी, म्हणजे कुठल्या पॅकेजला कुठलं लागतं ते, आपली आपण बघायची. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा. जीसीसी हा कंपायलर बांधणं तासन्‌तास चालतं, मध्येच लाइट जाते. टारबॉल पेनड्राइव्हवर असला की पुढच्या वेळी तेच पुन्हा कंपाइल करायला नको.

दोन ठिकाणी मात्र जपा. शेअर-इन्फोमधली 'डिर' नावाची फाइल (मदतपानांची अनुक्रमणिका) बरीच पॅकेजं आपापली बनवतात. टार बांधण्याआधी ती उडवा, नाहीतर एकाची दुसऱ्यावर चढते. दुसरं जास्त धोक्याचं. हल्लीच्या एलएफएसमध्ये रूटवरचं 'लिब' हे खरं फोल्डर नसून यूएसआर-लिबकडे जाणारी सिमलिंक आहे. तुमच्या टारबॉलमध्ये वरच 'लिब' नावाचं फोल्डर असेल, तर जीएनयू टार ती सिमलिंक काढून तिथे खरं फोल्डर करतो. प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणारा डायनॅमिक लोडर सापडेनासा होतो आणि फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालत नाही. म्हणून उलगडताना 'कीप-डिरेक्टरी-सिमलिंक' हा पर्याय लावायचाच, आणि त्याआधी टारबॉलची यादी एकदा डोळ्यांखालून घालायची.

अपग्रेडचं गणित लायब्ररीच्या एसओ-नेमवर (आवृत्तीच्या आकड्यासकट तिचं नाव) आहे. त्यातला आकडा २ चा ३ झाला तर जुनी लगेच काढू नका. नवी शेजारी बसवा, जुनीवर अवलंबून असलेले प्रोग्रॅम पुन्हा बांधा, मग जुनी हटवा. ग्लिबसीला, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात त्या सी लायब्ररीला, या वाटेने जाऊच नका. ती बदलायची वेळ आली तर मी सरळ नव्या पार्टिशनवर अख्खी सिस्टिम पुन्हा बांधतो.