बुजरी गाय, हातात कासरा नसताना

मिरजेजवळच्या आमच्या मळ्यात जनावर बुजलं की आजोबा कासरा हातभर ढिला सोडायचे आणि त्याच्याशी काहीबाही बोलत उभे राहायचे. ओढायचे नाहीत. मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, रॉकहॅम्प्टनच्या पश्चिमेला, मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या फार्मवर अकरा वर्षं काम करतोय. इथे आठशे गायी आहेत आणि एकीलाही म्होरकी नाही की दावं नाही. माणूस त्यांना वर्षातून मोजक्या वेळा दिसतो. आई अजून फोनवर विचारते, "दूध किती देतात रे?" मी म्हणतो, "वासरांपुरतं," आणि पावसाचं विचारतो.

या गायींची जात ब्राह्मन. अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांच्या रक्तातून ती घडली, आणि १९३३ मध्ये तिथून इकडे आली. वशिंड, लोंबती पोळी, लांब कान, सगळं ओळखीचं. ऊन आणि गोचीड सोसते म्हणून इथे टिकली. पण हियरफर्डसारख्या विलायती गाईपेक्षा ही चलाख. शिवाय काही विसरत नाही, चांगलं नाही आणि वाईट तर नाहीच.

इथे कासरा नाही, त्यामुळे तुमच्या हातात एकच गोष्ट उरते: तुमच्यातलं आणि तिच्यातलं अंतर. ते मोजायला शिका. गायीकडे सरळ चालत जाऊ नका, तिरके जा, हात खाली ठेवून. एका जागी ती चरायची थांबते, मान वर करते, कान तुमच्याकडे वळवते. तिथून एक-दोन पावलं पुढे गेलात की ती चालू लागते. ती तिची हद्द. मोकळ्या रानातल्या गायीची ही हद्द तीस मीटरवर असू शकते, रोज माणूस बघणारीची दोन मीटरवर. गाय चालू लागली की तुम्ही थांबा, जमलं तर अर्धं पाऊल मागे घ्या. नवीन पोरं नेमकं इथे चुकतात. गाय निघाली की त्यांना जोर चढतो आणि ती मागे धावतात. मग गायीला कळतं की चाललं तरी सुटका नाही, आणि ती चौखूर उधळते.

उभं कुठे राहायचं? तिच्या खांद्याच्या मागे, बाजूला. तिथून आत सरकलात की ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे गेलात की थांबते किंवा वळते. बरोब्बर शेपटीमागे राहू नका. गायीला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण ती जागा दिसत नाही. तिथला माणूस शोधायला ती गर्रकन फिरते आणि तुमचा बेत मोडतो.

गुरं आणायच्या आधी यार्डात, म्हणजे गुरं गोळा करायच्या कठडे घातलेल्या आवारात, स्वतः फिरून या. रेस म्हणजे एक जनावर मावेल एवढी अरुंद गल्ली. तिच्या टोकाला क्रश असतो, आपल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या खोड्याचा लोखंडी थोरला भाऊ. त्या गल्लीतून वाकून, गायीच्या डोळ्यांच्या उंचीने चाला. लोंबती साखळी, कठड्यावर कुणी टाकलेली टोपी, डबक्यातली चमक, फाटकाची जमिनीवर पडलेली पट्टेरी सावली. गायीला खोलीचा अंदाज नीट येत नाही, मान खाली घालून निरखावं लागतं. सावली तिला खड्डा वाटू शकते. ती थांबून वास घेत असेल तर घेऊ द्या. आवाजाचंही तेच. आपल्याला ऐकू न येणारे बारीक, तीव्र आवाजसुद्धा तिला ऐकू येतात, त्यामुळे पत्र्यावर लोखंड आपटलं की आख्खी रांग दचकते. आम्ही फाटकांच्या कड्यांना रबराचे तुकडे बांधले. दोन संध्याकाळींचं काम, पण फरक ऐकू येतो. शिट्ट्या आणि आरडाओरडा तर नकोच.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या वर्षी, ट्रक यायची वेळ झालेली, आणि ४१७ नंबरची एक गाय रेसमध्ये शिरेना. बाकीच्या पुढे निघून गेल्या आणि मी तिला एकटीलाच मागे रेटत राहिलो. डोळ्यांची पांढरी कड दिसत होती, शेण पातळ झालं होतं, शेपटी फटफटत होती. गाय सगळं सांगत होती, मी घड्याळ बघत होतो. तिने कठड्यावर उडी घेतली. वरची नळी वाकली, तिचा पुढचा पाय सोलला, आणि मी वेळेत बाजूच्या फटीतून निसटलो म्हणून आज लिहितोय. मुकादमाने मला काही न बोलता दोन म्हाताऱ्या शांत गायी तिच्यासोबत सोडल्या आणि चहा करायला पाठवलं. घाबरलेलं जनावर ताळ्यावर यायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती द्यावीच लागतात. अर्ध्या तासाने तिन्ही एकामागून एक आत गेल्या. तेव्हापासून दोन नियम पाळतो: गायीला एकटी पाडायचं नाही, आणि रेसच्या तोंडाशी असलेला कोंडवाडा निम्माच भरायचा, म्हणजे तिला वळायला जागा राहते. आत जाण्याआधी स्वतःची पळवाट कोणती, हेही बघून ठेवायचं.

ब्राह्मनची आणखी एक खोड. फार छळलं तर ती रेसमध्येच फतकल मारते आणि काही केल्या उठत नाही. अशा वेळी विजेची काठी लावू नका, गाय मरूसुद्धा शकते. मागची गुरं मागे घ्या, तिला एकटं सोडा, थोड्या वेळाने आपली आपण उठते.

खरं काम मात्र वासरं तोडतानाचं. सात-आठ महिन्यांचं वासरू आईपासून वेगळं केलं की आम्ही आठवडाभर यार्डात ठेवतो. रोज हाताने गवत टाकायचं, त्यांच्यामधून पायी फिरायचं, रेसमधून रिकामंच चालवायचं: लस नाही, डागणी नाही, नुसतं जाऊन बाहेर. मग बाहेर रानात न्यायचं, तास-दोन तास चरू द्यायचं, आणि घोड्यावरून सावकाश परत आणायचं. पहिल्या दिवशी सगळी हंबरत कुंपणाला धडका देतात, पाचव्या दिवशी गवताची गाडी बघून पुढे येतात. कालवड पुढे दहा वर्षं कशी वागणार, ते बहुतेक या आठवड्यात ठरतं. त्यात मजुरी वाचवणारा मालक पुढे बुजरी गुरं रानातून हाकून आणायला हेलिकॉप्टरवर खर्च करतो.

तरीही काही सुधारत नाहीतच. क्रशचं फाटक उघडल्यावर कोण चालत जाते आणि कोण गोळीसारखी सुटते, ते वहीत लिहा. रॉकहॅम्प्टनच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हाच वेग यंत्राने मोजायची पद्धत बसवली. जोरात सुटणारी जनावरं वजनात मागे पडतात, आणि हा स्वभाव पिल्लांतही उतरतो. आजोबा बैल घेताना कपाळावरचा भोवरा बघायचे. अमेरिकेत तपासलं तेव्हा डोळ्यांच्या वर भोवरा असलेली गुरं क्रशमध्ये जास्त धडपडताना आढळली. मी भोवऱ्यावरून गाय विकत नाही, पण बघतो जरूर. दोन वर्षं सलग उधळणारी मात्र विकतो, कारण एक बावचळली की चाळीस बावचळतात. कत्तलीआधी घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते, मांस काळपट पडतं, आणि त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५.७ च्या वर गेला की इथल्या प्रतवारीत बसत नाही. पैसे कापले जातात.

नुकतीच व्यालेली गाय वेगळी. ती बुजत नाही, अंगावर येते. तिच्या आणि वासराच्या मध्ये जायचं नाही, बस.

काम संपल्यावर फाटक उघडून गाडीत बसू नका. फाटकाशी बाजूला उभे राहा आणि गुरं चालत बाहेर पडतील एवढाच वेग ठेवा. बाहेर त्यांना तिथेच थोपवून धरा, आयांना वासरं सापडेपर्यंत, पहिल्या दोन-चार गायी खाली मान घालून चरू लागेपर्यंत. ४१७ बाकीच्यांच्या आधी चरायला लागते हल्ली. पुढचा डावा पाय मात्र किंचित ओढते.